बाक फिरवून मिळणेबाबत

तो बाक लाकडी असता तर नकाशेकाकांनी तो स्वतःच उचलून फिरवला असता आणि पुढचा सगळा तमाशा टळला असता, असं ते आजही शपथेवर सांगतात. पण बाक सिमेंटचा होता, चार पाय जमिनीत गाडलेले होते आणि त्याचं तोंड भिंतीकडे होतं. नुसतं भिंतीकडे नव्हे, अगदी भिंतीला लागून. बसणाऱ्याचे गुडघे भिंतीपासून वीतभरावर यायचे. सोसायटीच्या तीन इमारतींमध्ये हा एकच बाक, आणि तो असा शिक्षा झाल्यासारखा भिंतीकडे तोंड करून का बसवला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे, पूर्वी तिथे भिंत नव्हती, मैदान होतं. कुणी म्हणे, गवंड्याचं आणि मुकादमाचं भांडण झालं होतं. बावीस वर्षांत त्यावर कुणी फारसं बसलंच नाही, त्यामुळे प्रश्न कधी ऐरणीवर आला नाही.

तो आला काकूंच्या गुडघ्यामुळे.

काकूंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, रोज खाली उतरायचं, थोडं चालायचं आणि मोकळ्या हवेत वीस मिनिटं बसायचं. घड्याळ लावून वीस. पहिल्या दिवशी काकांनी त्यांना लिफ्टने खाली आणलं, हाताला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. काकूंनी वीस मिनिटं भिंत पाहिली. एकविसाव्या मिनिटाला म्हणाल्या, "अहो, भिंत बघायला मला तीन मजले खाली कशाला आणलंत? घरात काय भिंती कमी आहेत? शिवाय त्यांना रंग तरी आहे."

बोलणं खरं होतं. मागे वळून बसावं म्हटलं तर बाकाला पाठ होती. तरी पाठीच्या फटीतून पाय पलीकडे सोडून उलटं बसता येतं का, हे काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः करून पाहिलं. पाय गेले. परत येईनात. समोरच्या फ्लॅटमधले टायपिस्ट दूध घेऊन परतत होते, त्यांनी पिशवी खाली ठेवून काकांना खांद्यांना धरून ओढून काढलं. उपकार करून गप्प बसण्याचा टायपिस्टांचा स्वभाव नव्हता. त्यांनी जन्मभर कोर्टाच्या आवारात अर्ज टाइप केले होते, त्यामुळे कायदा आपल्या बोटांत उतरला आहे अशी त्यांची समजूत होती.

"काका, असं अंगमेहनतीनं काही होत नसतं," ते म्हणाले. "अर्ज करा."

काकांना ते पटलं. चौतीस वर्षं त्यांनी सर्वेक्षणाच्या कचेरीत नकाशे काढले होते. सगळी सोसायटी त्यांना नकाशेकाका म्हणायची ती म्हणूनच. घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "आठ दिवसांत तुला बाक फिरवून देतो. अगं, मी नकाशात नदी दोन मिलिमीटर सरकवलेली आहे. बाक काय चीज आहे!"

"बघा हं," काकू म्हणाल्या. काकूंच्या 'बघा हं'मध्ये बरंच काही असायचं.

सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर गणिताचा क्लास चालवत. एकाच वेळी तीन वर्गांना शिकवायचं आणि मधल्या वेळेत सोसायटी चालवायची, यामुळे त्यांचं आयुष्य वेळापत्रकावर बेतलेलं होतं. दारावर वेळापत्रक, फ्रिजवर वेळापत्रक. पाण्याचा पंप, जिन्याची झाडलोट, गच्चीची किल्ली, सगळ्यांची वेळापत्रकं त्यांनी स्वतः रंगीत पेनांनी आखलेली. काका गेले तेव्हा ते फळ्यावर काटकोन त्रिकोण काढत होते.

"बाकाचं जरा..." काकांनी सुरुवात केली.

"लेखी द्या," सेक्रेटरी फळ्याकडे बघतच म्हणाले. "विषय, संदर्भ, सोबत नकाशा."

नकाशा म्हटल्यावर काकांचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा सोसायटीने त्यांच्याकडे त्यांना येणारी गोष्ट मागितली होती. त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला, पेन्सिलींना टोकं केली आणि तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कुणाला जेवू दिलं नाही. बाकाचा आराखडा, बाकाची बाजूची आकृती, बाकाचा छेद. वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा सुबक बाण. आणि बाक अर्धवर्तुळात वळवायचा आहे हे दाखवणारा दुसरा, केसाएवढा बारीक बाण.

टायपिस्टांनी तो चष्मा कपाळावर चढवून पाहिला. "काम सुरेख आहे. पण कमिटीला एवढं बारीक दिसत नाही. कमिटीला काहीच दिसत नाही म्हणा. आवार दाखवा पूर्ण. तिन्ही इमारती दाखवा. अध्यक्षांना आपली इमारत दिसली नाही की ते कागद उलटा धरतात. आणि बाण ठसठशीत काढा."

काकांनी तिन्ही इमारती दाखवल्या. बाण ठसठशीत काढला. टायपिस्ट म्हणाले, आणखी ठसठशीत. आवारच्या आवार एका कागदावर बसवायचं म्हटल्यावर बाक तांदळाएवढा झाला होता, आणि त्याच्याभोवती काढलेला ठसठशीत बाण पाहता पाहता अ, ब आणि क या तिन्ही इमारतींना वळसा घालून आला. काकांच्या कलावंत मनाला ते खटकलं होतं. पण टायपिस्ट मान डोलावत होते, आणि ज्याने आपले पाय सोडवले त्याच्याशी वाद कसा घालणार?

अर्जाचा मजकूरही टायपिस्टांचाच. काकांनी लिहिलं होतं, 'बाकाचं तोंड भिंतीकडे आहे ते उलट दिशेला करावं.' टायपिस्टांनी ते वाचून नाक मुरडलं. "ही काय शाळेतली वही आहे? अर्जाला भाषा लागते." आणि त्यांनी टाइप केलं: 'विषय: आवारातील बाक फिरवून मिळणेबाबत.'

अर्ज दुसऱ्याच दिवशी परत आला. वर लाल अक्षरांत शेरा होता, 'अर्जदार सभासद नाहीत.'

काका तरातरा खाली गेले. "बावीस वर्षं राहतोय मी इथे!"

"राहताय," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. "फ्लॅट काकूंच्या नावावर आहे. तुम्ही सभासदाचे पती आहात."

हेही खरंच होतं. घर घेतलं तेव्हा काका कुठल्याशा डोंगराची उंची मोजायला गेले होते आणि सह्या काकूंनी केल्या होत्या. पण 'सभासदाचे पती' हे शब्द काकांच्या मनाला फार लागले. लिफ्टमध्ये, जिन्यात, आरशासमोर, ते शब्द त्यांच्या कानांत घुमू लागले. चौतीस वर्षं ज्याच्या सहीशिवाय एक टेकडी कागदावर उभी राहिली नाही, त्याने आता बाकासाठी बायकोचं अधिकारपत्र आणायचं.

काकूंनी ते मात्र हौसेने दिलं. काका सांगत होते ते बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिलं, 'माझे पती यांना माझ्या वतीने बाकाविषयी बोलण्याचा अधिकार देत आहे. इतर कोणत्याही विषयावर ते बोलले तर ते त्यांचं वैयक्तिक मत समजावं.'

"हे दुसरं वाक्य कशाला?" काकांनी विचारलं.

"अनुभवानं," काकू म्हणाल्या.

त्यानंतर आठ दिवस गेले, आठ आठवडे गेले. काकू रोज खाली येऊन वीस मिनिटं भिंत बघत होत्या. आता त्यांना भिंत पाठ झाली होती. वरून तिसऱ्या विटेवर एक उंटासारखा डाग आहे आणि पावसाळी ओल आली की त्याला दुसरी मदार फुटते, हे त्या काकांना दाखवायच्या. काका खजील होऊन उंट बघायचे. रोज घरी आल्यावर त्या विचारायच्या, "काय म्हणते तुमची नदी?"

शेवटी एका सोमवारी फलकावर सूचना लागली. काका दाढी अर्धी ठेवून खाली धावले. सूचना अशी होती:

'सर्व सभासदांना कळवण्यात येते की, अ विंगमधील सभासदाचे पती यांच्या अर्जावरून व त्यांनी सादर केलेल्या नकाशानुसार, आवारातील बाक यापुढे तिन्ही विंगमध्ये फिरवण्यात येईल. प्रत्येक विंगला पंधरा दिवस. अर्जदारांच्या उदार दृष्टिकोनाबद्दल कमिटी त्यांचं अभिनंदन करत आहे.' खाली रंगीत पेनांनी आखलेलं वर्षभराचं वेळापत्रक. अ विंग हिरवी, ब विंग जांभळी, क विंग नारिंगी.

काकांनी ते तीनदा वाचलं. दाढीवरचा साबण वाळला. मग मागून आवाज आला, "काका, तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस नाही हो पाहिला!"

ब विंगमधल्या शिवणकामवाल्या मावशी होत्या. गळ्यात मोजपट्टी, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या न काढता त्या बोलायच्या आणि त्यांचा एकही शब्द कधी अडायचा नाही. "बावीस वर्षं बाक अ विंगनं दाबून ठेवला. आमच्या दारात बसायला दगड नाही. आणि अ विंगमधला माणूस स्वतःहून म्हणतो, फिरवा! मी आत्ताच माप घेऊन आले बाकाचं. गादी शिवतेय त्याला."

"अहो मावशी, तसं नाही ते," काका कळवळून म्हणाले. "फिरवा म्हणजे फिरवा! असा!" आणि ते जागच्या जागी गर्रकन फिरले.

"कळलं की," मावशी म्हणाल्या. "सगळीकडून फिरवायचा."

काका तसेच अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि बारीक अक्षरात लिहिलेल्या अटींवर त्यांची फार श्रद्धा होती. त्यांनी काकांना बसवलं, पाणी दिलं आणि नकाशा उलगडला.

"हा बाण तुमचाच ना?"

"माझाच. पण तो..."

"हा अ वरून निघतो, ब ला वळसा घालतो, क वरून परत येतो. इतका स्पष्ट नकाशा या कमिटीनं आजवर पाहिलेला नाही."

"साहेब, मला फक्त बाकाचं तोंड बदलायचं होतं!"

अध्यक्षांनी सहानुभूतीने मान हलवली. "मग अर्जात 'तोंड' हा शब्द का नाही?"

याला उत्तर असलंच तर ते समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होतं. "ठराव झालाय," अध्यक्ष म्हणाले. "आता तो रद्द करायचा तर नवा ठराव हवा, नव्या ठरावाला नवा अर्ज हवा आणि एकाच विषयावर दुसरा अर्ज सहा महिने घेता येत नाही. नियम तुमच्याच विंगनं केलाय, गच्चीच्या किल्लीच्या वेळी."

इकडे अ विंग पेटली. ज्यांनी बावीस वर्षांत त्या बाकाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, त्यांना आता तो वाडवडिलांच्या ठेव्यासारखा वाटू लागला. काका लिफ्टमध्ये शिरले की आतली माणसं अचानक जिन्याने जाऊ लागली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तर तोंडावरच सुनावलं, "घरचा बाक दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलात." मग अ विंगच्या सह्यांचा कागद फिरू लागला. या 'फिरण्या'चा अर्थ मात्र सर्वांना बरोबर कळला, कागद दारोदार गेला. बाक हलवू नये आणि तो हलवण्याची कल्पना काढणाऱ्याचा निषेध असो, असा मजकूर होता. मजकूर टायपिस्टांनी टाइप केला होता.

"तुम्ही?" काका दारातच ओरडले.

"व्यवसाय म्हणून," टायपिस्ट म्हणाले. "मनातून मी तुमच्याच बाजूचा आहे. सही करा इथे."

"माझ्याच निषेधावर मी सही करू?"

"बाक हलू नये असं वाटतंय ना तुम्हाला?"

वाटत होतं. काकांनी दोन मिनिटं विचार केला आणि स्वतःच्या निषेधावर सही ठोकली. सेक्रेटरींनी ती दुसऱ्या दिवशी खोडली, कारण काका सभासद नव्हते.

सगळ्यात वाईट म्हणजे बाक वाचवण्यासाठी अ विंगने पाळी लावून त्यावर बसायला सुरुवात केली. सकाळी सात ते संध्याकाळी सात, पाच-पाच माणसं खांद्याला खांदा लावून भिंतीकडे तोंड करून बसलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, यांची काहीतरी साथीची तपासणी चालली आहे. काकू खाली यायच्या, काठी टेकून पाच मिनिटं उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. काकूंना जागा द्यायला कुणाची ना नव्हती, पण त्या सभासद असल्या तरी शत्रूच्या पत्नी होत्या, आणि नेमकं कुणी उठायचं हे ठरेपर्यंत त्यांचा गुडघा दुखायला लागायचा. चौथ्या दिवशी त्यांनी खाली येणंच सोडलं. खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या.

"आज उतरायचं नाही?" काकांनी विचारलं.

"नको. इथून निदान उंट दिसत नाही."

हे त्या हसून म्हणाल्या, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय आत्ता चालवला नाही तर आखडेल. आठ दिवसांत बाक फिरवून देतो म्हणणाऱ्या माणसाने चार महिन्यांत बायकोचा होता तो बाकही घालवला होता. त्या दुपारी काकांनी ड्रॉइंग बोर्ड पुन्हा माळ्यावर टाकला आणि पेन्सिलींची टोकं मोडेपर्यंत त्यांचा डबा आपटला.

बाक हलवायचा दिवस रविवार ठरला होता. सकाळीच मुकादम चार दणकट हमाल घेऊन आला. अ विंगची पाळीची माणसं बाकावर घट्ट बसून होती. मुकादमाने त्यांना काहीच म्हटलं नाही, फक्त पहारेने पाय उकरायला घेतले. बाक जसा डगमगू लागला तशी ती एकेक करून उतरली. सगळी सोसायटी गॅलऱ्यांत उभी होती. ब विंगच्या मावशी फुलाफुलांची गादी कवटाळून खाली तयार होत्या. सेक्रेटरी वेळापत्रकाची प्रत हातात धरून पुढे चालत होते. हमालांनी बाक उचलला आणि 'सांभाळून, सांभाळून' करत आवाराच्या मधोमध आणला. गाड्या जायच्या यायच्या रस्त्यावर, गेटपासून दहा पावलांवर सेक्रेटरी एकदम थांबले.

"आज तारीख किती?"

"एकतीस," कुणीतरी म्हणालं.

सेक्रेटरींनी वेळापत्रक डोळ्यांजवळ नेलं. "ब विंगची पाळी एक तारखेपासून आहे. आज बाक हिरवा आहे."

"म्हणजे?" मावशींनी पहिल्यांदाच टाचण्या तोंडातून काढल्या.

"म्हणजे आज तो अ विंगचा आहे. परत न्यावा लागेल."

"उकरलेला बाक परत?" मावशी कडाडल्या. "एका दिवसासाठी?"

"आमचा दिवस आम्हाला मिळालाच पाहिजे!" अ विंगच्या गॅलऱ्यांतून आवाज आला. क विंगची माणसंही तावातावाने बोलू लागली. त्यांचा संबंध नारिंगी पाळीत, पंधरा दिवसांनी येणार होता, पण भांडण वाया जाऊ द्यायला कुणी तयार नव्हतं. हमाल ते वजन हातात घेऊन पाच मिनिटं ऐकत राहिले, मग मुकादमाने मान हलवली आणि त्यांनी बाक होता तिथेच टेकवला.

"तुमचं ठरलं की बोलवा," मुकादम म्हणाला. "आम्ही जेवून येतो." आणि ते निघूनही गेले.

बाक रस्त्याच्या मधोमध आडवा उभा होता. नेमक्या त्याच वेळी अध्यक्षांची गाडी पार्किंगमधून बाहेर आली. अध्यक्ष कडक इस्त्रीच्या सफारीत होते. त्यांच्या मुलीचं नुकतंच ठरलं होतं आणि व्याही-विहीण पहिल्यांदाच घरी येणार होते. त्यांना स्टँडवर घ्यायला ते निघाले होते. विहीणबाईंचा स्वभाव वक्तशीर आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी हॉर्न वाजवला. बाक हलला नाही.

हे सगळं काकू वरून पाहत होत्या. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच बाक रिकामा होता. त्यांनी काठी घेतली, पिशवी घेतली आणि काकांना न सांगताच लिफ्टने खाली आल्या. माणसं ब विंगपाशी घोळका करून भांडत होती. काकू संथपणे चालत बाकापाशी गेल्या, पदराने बाक पुसला आणि बसल्या.

हमालांनी बाक सहज ठेवला होता. त्याचं तोंड गेटाकडे होतं. गेट सताड उघडं होतं आणि गेटाबाहेर सगळा रस्ता होता. समोर सायकल दुरुस्तीवाला एका चाकाची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. दोन माणसं कपाटाचा मोठा आरसा उचलून चालली होती आणि एक कुत्रं त्या आरशाबरोबर भुंकत, मागे मागे. एक लहान मुलगी आईच्या हाताला लोंबकळत, मुद्दाम फरशीच्या रेघा चुकवत उड्या मारत होती. काकूंनी पाय लांब केला. कितीतरी दिवसांनी त्यांना समोर लांबवर काहीतरी दिसत होतं.

"वहिनी!" अध्यक्ष गाडीतून डोकावले. "जरा उठता का? गाडी काढायची होती."

"मी उठले तरी बाक कुठे उठतोय?" काकू म्हणाल्या. "आणि डॉक्टरांनी वीस मिनिटं सांगितलीत. आत्ता तीन झालीत."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. "अहो, माझे व्याही येतायत!"

आवाज ऐकून काका धावत खाली आले. बायको बाकावर, बाक रस्त्यात, आणि सगळी सोसायटी भोवती जमलेली. आपल्याला फक्त बाकाविषयी बोलण्याचा अधिकार आहे हे आठवून ते बोलायला लागणार तेवढ्यात काकूंनीच हात वर केला. "हे बघा, मी काही सत्याग्रह करत नाहीये. गाडीला वाट हवी ना? मग बाक त्या कडेला घ्या, गेटाच्या बाजूला. तोंड मात्र असंच ठेवा."

"ती जागा कुठल्याच विंगची नाही," सेक्रेटरी म्हणाले. "वेळापत्रकात तिला रंगच नाही."

"मग भांडण कशाचं?" मावशी म्हणाल्या.

 कुणी उत्तर शोधायच्या आत अध्यक्षांनी गाडीतून उडी मारली. "धरा!" ते ओरडले. "सगळ्यांनी धरा!"

"मी उठते," काकू म्हणाल्या.

"उठू नका!" अध्यक्ष किंचाळले. "तुम्ही काठी घेऊन सावकाश उठणार, परत सावकाश बसणार, वेळ नाहीये!"

आणि खरोखरच, काकूंसकट बाक उचलला गेला. एका कोपऱ्याला अध्यक्ष, दुसऱ्याला सेक्रेटरी, तिसऱ्याला टायपिस्ट, चौथ्याला मावशी, आणि मधल्या जागांत अ, ब आणि क विंगची सात-आठ माणसं. काकू एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने बाकाची पाठ धरून बसल्या होत्या. "सावकाश हं, सावकाश," म्हणत होत्या, पण चेहरा असा की जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या मुलीचा. काका उलटं चालत पुढे होते, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज कचेरीतल्यासारखा खणखणीत लागला होता. "डावीकडे! आणखी नऊ इंच! टायपिस्ट, तुमची बाजू खाली जातेय! मावशी, थोडं वर! आता तीन अंश फिरवा. फिरवा म्हणजे जागच्या जागी फिरवा!"

बरोबर त्याच क्षणी गेटात रिक्षा थांबली.

वाट पाहून कंटाळलेले व्याही खाली उतरले. त्यांच्यामागून विहीणबाई उतरल्या. समोर त्यांचे भावी व्याही, सफारीची बाही कोपरापर्यंत फाटलेली, तोंड लाल, एका सिमेंटच्या बाकाचा पाय छातीशी कवटाळून उभे. बाकावर एक वयस्क बाई बसलेल्या, आणि त्या बाईंनी पाहुण्यांना बसल्या जागेवरून, जमिनीपासून तीन फूट उंचावरून, अगत्याने नमस्कार केला.

"या," काकू म्हणाल्या. "फक्त दोन मिनिटं. आम्ही उतरतोच आहोत."

बाक टेकला. अध्यक्ष वाकलेल्या कमरेनेच पुढे झाले.  विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, गेटाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि प्रवासाने आंबलेलं अंग बाकावर टेकलं.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "कुठल्याही सोसायटीत जा, दारात टेकायला जागा म्हणून नसते. इथे आल्या आल्या बसायची सोय. आणि समोर मोकळं."

अध्यक्षांची कमर ताडकन सरळ झाली. "तुमच्यासाठीच तर घाई चालली होती!" ते म्हणाले. "कमिटीचं म्हणणं असं, की बाकाची खरी जागा गेटापाशीच. आम्ही चार महिने अभ्यास केला त्यावर."

काकांनी तोंड उघडलं. चार महिन्यांचा अर्ज, नकाशा, बाण, निषेध, सगळं एकदम ओठांवर आलं.  पण टायपिस्टांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात कुजबुजले, "आत्ता नको. नाहीतर ते लेखी मागतील." काकांनी आयुष्यात पहिल्यांदा टायपिस्टांचा सल्ला योग्य वेळी ऐकला.

मावशींनी पुढे होऊन गादी पसरली. ती तंतोतंत बसली. त्यांनी दोन्ही बायकांना थोडं उठवून, थोडं सरकवून ती नीट केली आणि मग स्वतःही टेकल्या. व्याह्यांना घेऊन अध्यक्ष वर गेले. विहीणबाई मात्र म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येतेच," आणि सायकलवाल्याला अजून बुडबुडे सापडले नाहीत हे काकूंना दाखवू लागल्या. सेक्रेटरी खिशातून जांभळं पेन काढून बाकाकडे बघत उभे होते. त्यांच्या मनात काहीतरी आखलं जात होतं, पण तिथे कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नव्हतं, म्हणून ते हळूच क्लासवर निघून गेले.

गर्दी पांगली. काका एकटेच थोडे बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून. तळव्यांना सिमेंट लागलं होतं. बाकावर तिघी होत्या. काकूंच्या डाव्या बाजूला थोडी जागा होती आणि तिथे त्यांची पिशवी होती. पहिल्या मजल्यावरच्या आजी गोंगाट ऐकून खाली उतरल्या होत्या, त्या आल्या आणि पिशवी उचलून बसायला लागल्या.

"तिथे नको आजी," काकू म्हणाल्या. "तुम्ही इकडे मावशींच्या शेजारी या. ती जागा धरलीये. आमचे हे बसायचेत."

आजींनी काकांकडे पाहिलं. मग पिशवी काकूंच्या हातात देऊन पलीकडून गेल्या.

काका आले, रुमालाने हात पुसले आणि बसले. जागा जेमतेम अर्ध्या माणसाची होती; त्यांचा एक पाय बाकावर आणि एक बाहेर राहिला. बाहेर रस्त्यावरून आरसेवाले परत येत होते, या वेळी हात मोकळे, आणि कुत्रंही आता गप्प होतं. काकू काहीतरी सांगत होत्या. काकांचं लक्ष खाली गेलं. बाकाचा उजवा मागचा पाय दगडावर टेकला होता आणि सगळा बाक अर्धा इंच कलला होता. अर्धा इंच म्हणजे जवळपास अर्धा अंश. त्यांना तो स्पष्ट जाणवत होता, कण्यातून.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"कुठे काय," काका म्हणाले, आणि अर्धा इंच उजवीकडे झुकून बसले.